बर्फ, पाणी आणि रात्र

हॅन्कॉक, ९ नोव्हेंबर

लेम्पी,

तू कशी आहेस हे विचारायला हे पत्र नाही. तक्रार करायला आहे. आठ वर्षं बोलत नाही म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, थोरली अजून मीच आहे.

परवा गुरुवारी तू माझ्या घरात शिरलीस, आणि तेही न विचारता. कशी ते सांगते.

आर्वो गेल्यापासून दर गुरुवारी शेजारचा ओस्मो येतो. तोच ओस्मो, रस्त्यावरचा बर्फ उपसायची गाडी चालवायचा तो. आता निवृत्त झालाय आणि दिवसभर मतं देत असतो. सौनात वाफ घेऊन झाली की आम्ही कॉफी घेतो, वेलची घातलेला गोड पाव, निसू, खातो आणि सिनेमा लावतो. डिस्कवर लावतो. इथलं इंटरनेट तुला ठाऊक आहे, वारा सुटला की पडद्यावरची माणसं अर्ध्या वाक्यात तोंड उघडं टाकून बसतात. माझ्या नवऱ्याने, आर्वोने, भिंतभर डिस्का जमवल्या, त्या मी टाकलेल्या नाहीत. तू कधीतरी म्हणाली होतीस की हा पसारा कोण सांभाळणार. मी सांभाळतेय.

आता तेच सिनेमे नव्या, जास्त स्वच्छ चित्राच्या डिस्कवर निघालेत. त्यातले कुठले पुन्हा विकत घ्यायच्या लायकीचे, हे ठरवायचं काम ओस्मोने स्वतःच्या अंगावर घेतलंय. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचा नियम असा: सिनेमात बर्फ, पाणी आणि रात्र यांतल्या निदान दोन गोष्टी असतील तर घ्यावा. माणसं नुसती खोलीत बसून भांडत असतील तर जुनी डिस्क पुरते, कारण भांडण ऐकायचं असतं. आणि काही कंपन्या म्हणे जुनं चित्र इतकं घासूनपुसून काढतात की माणसं मेणाची दिसतात. त्यांच्या नावाने तो माझ्या सोफ्यावर बसून बोटं मोडतो, मीही त्याला साथ देते. आर्वो असता तर तिघांनी मिळून मोडली असती.

तर तो बर्फात अडकलेल्या नावेचा सिनेमा, त्यात तिन्ही आहेत. ओस्मोने हुकूम काढला, मी कोलेटच्या दुकानातून आणला. ओस्मोला ऐकू कमी येतं, पण कबूल करायचं नाही. आवाज मोठा करायला म्हणून रिमोट घेऊन तो कुठल्या कुठल्या यादीत शिरला आणि काहीतरी दाबून बसला. सिनेमा सुरू झाला. आणि पाचव्या मिनिटाला एक बाई बोलायला लागली.

"एक बाई धक्क्यावर उभी आहे. ती हातमोजे काढते. खिशात घालते."

"ही कोण मधेच?" ओस्मो म्हणाला. "डिस्क खराब निघाली. उद्या परत नेऊ."

"गप्प बस," मी म्हटलं. "ती माझी बहीण आहे."

कॉफी सांडली, गालिच्यावर डाग पडलाय, तो तुझ्या नावावर. तू तिकडे लॉस एंजेलिसमध्ये पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगायचं काम करतेस हे मला माहीत होतं. पण ते माझ्या घरात, माझ्या टीव्हीतून, माझ्या पैशाने ऐकावं लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं. पूर्ण दोन तास तू बोलत होतीस. आईच्या वेळी दोन मिनिटं बोलायला तुला सवड नव्हती.

आणि खरी तक्रार आता ऐक. नाव किनाऱ्याकडे येते तेव्हा तू म्हणतेस, "नाव पांढऱ्या बर्फातून पुढे सरकते." पांढऱ्या? लेम्पी, ह्याच तळ्याच्या काठावर वाढलीस तू. नोव्हेंबरातलं पाणी अर्धवट गोठून राखाडी लगदा होतो, त्याला आपल्या घरात सोह्यो म्हणायचे आणि त्यातून घरी आलं की आई बूट बाहेर काढायला लावायची. पांढरा म्हणे. कॅलिफोर्नियात राहून डोळे बिघडले का तुझे?

अक्षर मोठं आहे कारण पेन जाड आहे. पेन जाड का आहे हे तुला विचारायची गरज नाही.

इर्या


हॅन्कॉक, २४ नोव्हेंबर

लेम्पी,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, टपालवाला रोज इथूनच जातो म्हणून दिसतं.

आज मी ओस्मोवर चिडलेय आणि तो बहिरा असल्याने ते त्याला नीट पोचत नाही, म्हणून तुला लिहितेय. आम्ही हिवाळ्यासाठी काय घ्यायचं ते ठरवत होतो. मी म्हटलं, तो मधमाश्यांवाला सिनेमा घेऊ, त्यातलं जंगल आर्वोला फार आवडायचं. ओस्मोने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "इर्या, राग मानू नकोस. पण तुझ्यासाठी आता साधी डिस्क काय नि भारी डिस्क काय, सारखंच की."

मी त्याच्या हातातला निसूचा तुकडा काढून घेतला आणि त्याला घराबाहेर काढलं. बर्फ पडत होता, पडू दे.

आता कळलंच असेल. डोळे चाललेत माझे. पूर्ण नाही. मार्केट शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, मधलं जाईल, कडेचं राहील. तो डॉक्टर माझ्याशी इतक्या गोड आवाजात बोलत होता की मला आधीच कळलं काही खरं नाही. "उन्हाळ्यापर्यंत कसं राहतं ते बघू," म्हणाला. बघू म्हणे. तो बघेल, मी कुठून बघणार?

मधलं जाईल म्हणजे काय हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तोंडाच्या जागी कॉफीचा डाग, आणि कान, खांदे, मागची खिडकी सगळं शाबूत. चर्चमध्ये पास्टरच्या जागी डाग उभा राहून प्रवचन देतो. बाकी काही फरक पडत नाही म्हणा. सिनेमात नट जवळून दाखवला की माझ्यासाठी पडदाभर डाग. ज्याच्या एका तोंडासाठी कोट्यवधी डॉलर मोजलेत ते तोंड मला दिसत नाही आणि त्याच्यामागचा खिडकीचा पडदा दिसतो.

म्हणून मला भारीच डिस्क हवी. हे त्या ओस्मोच्या टाळक्यात शिरत नाही. माझ्या वाट्याला कडा उरल्यात, तर कडा तरी लख्ख दिसू देत. झाडं, पाण्याची लकाकी, टेकडीच्या टोकाला चाललेला घोडा. जोवर दिसतंय तोवर मी चांगलं बघणार आहे, आणि कुठलं बघायचं ते मी ठरवणार आहे, ओस्मो नाही. लोकांचे डोळे शाबूत असतात नि ते फोनवर अंगठ्याएवढा सिनेमा बघतात, त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला डोळे कशाला हवेत.

तर आज बर्फातून गाडी काढून (ओस्मोने चालवली, मागच्या दाराने परत आला होता, माफी न मागता) कोलेटकडे गेले. डब्यांच्या मागची बारीक अक्षरं तिलाच वाचायला लावली. मी विचारलं, "ह्यात आंधळ्यांसाठी वर्णनाचा आवाज आहे का?"

"आधी कधी विचारलं नाहीस हे," ती म्हणाली.

"आधी दिसत होतं."

ती बिचारी रडवेली झाली. मी म्हटलं, रडू नकोस, वाच. मधमाश्यांवाल्यात आहे. विमानवाल्या सिनेमाची नवी डिस्क अजून निघायची आहे. तो विहिरीवरच्या भावांचा आहे ना, त्यात नाही, म्हणून परत ठेवला. ओस्मो म्हणाला, "पण त्यात रात्र आहे की भरपूर." मी म्हटलं, तुझी रात्र तुझ्यापाशी ठेव.

मधमाश्यांवाल्यात तू नाहीस. कोणी पुरुष आहे, सर्दी झाल्यासारखा बोलतो. मी तुला शोधत नव्हते, सहज सांगितलं.

इर्या


हॅन्कॉक, १५ डिसेंबर

लेम्पी,

तुझं कार्ड आलं. ओस्मोने वाचून दाखवलं. मग उलटून पाहिलं, मग पुन्हा वाचलं, त्याला वाटलं काही राहिलं. काही राहिलं नव्हतं. "इर्या, बर्फाबद्दल तुझं बरोबर. लिहून 'पांढरा' असंच आलं होतं, मी फक्त वाचते. पेन जाड का आहे?" झालं. आठ वर्षांनी बहिणीला एवढं लिहिलंस. दूधवाल्यासाठी चिठ्ठी ठेवतात ती ह्याहून लांब असते.

पेनाचं कारण एव्हाना दुसऱ्या पत्रातून मिळालं असेल.

"मी फक्त वाचते." हे वाक्य घेऊन मी दोन दिवस घरात फिरतेय आणि प्रत्येक वेळी जास्त चिडतेय. खोटं बोलतेस तू. नावेच्या सिनेमात तो पोरगा बर्फावर पाय ठेवतो, आठवतं? तू म्हणतेस, "तो एक पाऊल पुढे टाकतो." आणि मग गप्प बसतेस. काही क्षण काहीच नाही, नुसता वारा. ओस्मो विचारायला लागला, बाई गेली का? मी म्हटलं, नाही, आता काहीतरी वाईट होणार आहे. आणि बर्फ फुटला.

ते कोणी लिहून दिलं होतं तुला? शनिवारच्या खेळाला मुम्मो आजीला घेऊन जायचो तेव्हापासून करतेस तू ते. मुम्मोला इंग्रजी येत नव्हतं, पण सिनेमा चुकवायची नाही. तू तिच्या कानाशी लागून फिन्निशमध्ये सगळं सांगत बसायचीस, हा आला, ही रडतेय, त्याने बंदूक लपवली. सगळं थिएटर शूः शूः करायचं. मक्याच्या लाह्या येऊन पडायच्या डोक्यावर. आणि कोणी मरणार असलं की तू बोलायचं थांबायचीस आणि तिचा हात धरायचीस. मुम्मो घरी येऊन आईला सांगायची, "मला हातावरूनच कळलं."

मी तीन रांगा पुढे जाऊन बसायचे. मला सिनेमा ऐकायचा होता, आणि लाह्या खायच्या होत्या, डोक्यात माळायच्या नव्हत्या. त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही, तू वाट बघू नकोस.

आता आईचं. एकदाच बोलते. आपण तिला मातीत ठेवून आलो, चर्चच्या तळघरात सगळं गाव कॉफीला बसलं होतं, कप मांडलेले, माझ्या हातचा निसू कापलेला, आणि तू कोट घालून दारात उभी. कशासाठी, तर दुसऱ्या दिवशी तुझं रेकॉर्डिंग. सिनेमातली माणसं एक दिवस थांबली असती. ती थांबलेलीच असतात, म्हणून तर डिस्क करतात त्यांची. मी सगळ्यांसमोर म्हटलं, लोकांना जे डोळ्यांनी दिसतंय ते तोंडाने सांगायचं, ह्याला काय काम म्हणतात? म्हटलं ते म्हटलं. तू उलटून काय म्हणालीस ते आठवतंय का? "तुला दिसतंय ना, म्हणून तुला कळणार नाही."

मला कसली चीड आली होती. अजून येते. आणि आता वाटतं, हे वाक्य खरं करायला देवाने एवढ्या खटपटी करायची काय गरज होती? नुसतं एक पत्र टाकलं असतंस तरी चाललं असतं.

नाताळचं काही पाठवत नाही. निसू पाठवला असता, पण तुमच्याकडे पोचेपर्यंत वीट होईल.

इर्या


हॅन्कॉक, १९ जानेवारी

लेम्पी,

हे पत्र मी उभ्याने लिहितेय, बसवत नाहीये. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तशाच वाच.

टपालाच्या विमानाचा सिनेमा आहे ना, तो म्हातारा वैमानिक आणि त्याचा कुत्रा. आर्वोची जुनी डिस्क घरात होतीच. नाताळात लावली आणि वर्णनाचा आवाज शोधत गेले तर त्यात तू निघालीस. तरुण आवाज आहे तुझा, थोडा घाबरलेला, पहिल्या पहिल्या कामातला असणार. दहा वेळा तरी ऐकला असेल. ओस्मोने वैताग केला नाही, उलट दर वेळी रडतो आणि म्हणतो सौनाच्या धुरामुळे.

आता त्याचीच नवी डिस्क निघाली, सगळ्यांत भारी चित्राची. बर्फ आहे, पाणी आहे, रात्र आहे. ओस्मो म्हणाला हा नियम मुळात ह्या सिनेमासाठीच झालाय. कोलेटने डबा वाचला, वर्णन आहे. मी तिथेच घेतला. मनात म्हटलं, चित्र लख्ख आणि आवाज लेम्पीचा, आता आणखी काय पाहिजे? गुरुवारी सौनातून जरा लवकरच बाहेर आलो, इतकी घाई.

लेम्पी, तो आवाज तुझा नाही. तो कोणाचाच नाही. यंत्राचा आहे.

आधी मला वाटलं कोणी दुसरी बाई आहे, असू दे, तिलाही पोट असेल. पण माणूस वाक्याच्या आधी श्वास घेतो. ही घेत नाही. "माणूस खिडकीतून बघतो. कुत्रा झोपलेला आहे. माणूस दुःखी आहे." दुःखी आहे हे मला यंत्राने सांगायचं? तू तिथे म्हणायचीस, "तो कुत्र्याच्या कानावरून अंगठा फिरवतो," आणि पुढचं माझ्यावर सोडायचीस. आणि शेवटी विमान डोंगरामागे जातं, तिथे तू थांबायचीस. यंत्र थांबत नाही. ज्या आवाजात कुत्रा झोपलाय म्हणाली त्याच आवाजात, डोंगर यायच्या आधीच म्हणते, "विमान कोसळते." एवढ्या वर्षांत मी तो सिनेमा किती वेळा पाहिला असेल, पण कोणी मला असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

ओस्मोने टॉवेल डोळ्यांवर घेतला होता. आपणही एकदा तसं ऐकून बघावं असं त्याला वाटलं. टॉवेल काढला आणि म्हणाला, "इर्या, ही जर वादळात माझ्या रेडिओवर असती तर मी आज तळ्याच्या तळाशी असतो."

"कसला रेडिओ?"

"तुझा रेडिओ. रस्ते खात्याचा, रोड कमिशनचा. मला समोर काचेपलीकडे काही दिसायचं नाही, तेव्हा तू कचेरीत बसून सांगायचीस, ओस्मो, डावीकडे कोर्होनेनची टपालपेटी येईल, मग वळण आहे. वळणाच्या आधी तू हळू बोलायचीस. त्यावरून मी ब्रेकवर पाय ठेवायचो. तुझ्या बहिणीने दुसरं काय केलंय?"

मी त्याला म्हटलं तोंड बंद कर आणि घरी जा. घरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवली आणि मग एका पोराला दिला. मी विचारलं, जुन्या डिस्कवर एक बाई होती, ती नवीवर का नाही? तो म्हणाला, "मॅडम, नव्या आवृत्तीत सुधारित वर्णन आहे." मी म्हटलं, सुधारित म्हणजे काय झालं? तो म्हणाला, आवाज जास्त स्पष्ट आहे. मी म्हटलं, बाळा, आंधळी मी आहे की तू, मला ठरवू दे काय स्पष्ट आहे. त्याने माझं म्हणणं पुढे कळवतो म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं कचेरीत मीही लोकांचं म्हणणं पुढे कळवत होते, कुठे जातं ते मला माहीत आहे.

डबा कोलेटकडे आपटून आले. गावच्या सौनाला जमणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ठरवलंय, ह्या कंपनीचं काही घ्यायचं नाही. आम्ही सात जण आहोत, कंपनी हादरली असेल.

पण एक सांग. तुला हे माहीत होतं का? तुझं काम चालू आहे ना? लांब उत्तर लिही. कार्ड पाठवलंस तर फाडून टाकीन, वाचणार नाही, नाहीतरी वाचता येत नाही.

इर्या


हॅन्कॉक, २७ फेब्रुवारी

लेम्पी,

अक्षर ओस्मोचं आहे, राग माझा आहे. पेन जाड करून करून आता बोटाएवढं झालं तरी ओळ सापडत नाही. तो जे ऐकू येईल ते लिहील, तेव्हा काही विचित्र वाटलं तर त्याचं.

तुझं पत्र त्याने दोनदा वाचलं. मागच्या शरद ऋतूपासून काम नाही. शरदापासून, आणि मला फेब्रुवारीत कळतं. तू तिकडे कोणाच्या तरी कुत्र्यांना फिरवून घरभाडं भरतेस आणि मी इकडे बर्फाच्या रंगावरून तुझी खरडपट्टी काढतेय, आणि तू मला लिहितेस, "बर्फाबद्दल तुझं बरोबर." एवढं तरी खोटं ठरवायचं होतंस. भांडली असतीस तर कळलं असतं काहीतरी बिनसलंय.

आणि पुढे लिहितेस, "भांडू नकोस इर्या, कोणी ऐकत नाही." मी ऐकलं. दहा वेळा ऐकलं म्हणून लिहिलं नव्हतं का? ओस्मोने ऐकलं. माझ्या गालिच्याने ऐकलं, डाग गेलेला नाही. सगळं आयुष्य तू अशा माणसांसाठी बोललीस जी तुला दिसत नाहीत, आणि म्हणतेस कोणी ऐकत नाही. तुला काय वाटलं, आम्ही टाळ्या वाजवून कळवायचं?

(ओस्मो: हे सांगताना इर्या रडते आहे. तिने लिहू नको म्हटलं. धूर नाहीये.)

ओस्मोने काय खरडलं ते मला माहीत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष कर.

आता कामाचं. ह्या हिवाळ्यात मी एक शेवटची डिस्क घेतली. डॉक्टर म्हणतो कडाही जरा धुरकट होतायत, तेव्हा ही शेवटची. नीट विचार करून घेतली, ओस्मोच्या नियमाने आणि माझ्याही. त्या गोठलेल्या तळ्यावर रात्रभर मासे धरणाऱ्या बायकांचा सिनेमा, नवा निघालाय. बर्फ, पाणी, रात्र, तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओस्मोने कुठेसं वाचलंय, चित्र असं आहे की बर्फाखालचा दिवा दिसतो. आणि कोलेटने डबा तीनदा वाचला, वर्णनाचा आवाज नाही. तुझा नाही, सर्दीवाल्याचा नाही, यंत्राचा नाही. कोणी काही बोलतच नाही. कोलेट म्हणाली, "मग नको ना घेऊस, तुझ्या काय कामाचा?" मी म्हटलं, बांध.

डबा टीव्हीपाशी ठेवलाय. वरचा प्लॅस्टिकचा कागदही काढलेला नाही. ओस्मो रोज येऊन त्याला हात लावून जातो, आणि मी रोज ओरडते. लावू देणार नाही मी. गुरुवारी आम्ही दुसरं काहीतरी रद्दी बघतो, खोलीत बसून भांडणाऱ्या माणसांचं.

तुझी खोली मी उघडली, हीटर चालतो. कुत्री इथेही आहेत, फिरवायचीच असली तर. येशील तेव्हा माझ्या डाव्या बाजूला बसायचं, त्या बाजूचं अजून थोडं दिसतं, तेवढा तुझा कान आणि खांदा तरी दिसेल. बर्फ पांढरा म्हणालीस तर मी मधेच थांबवणार. वाईट काही होणार असलं की काय करायचं ते तुला ठाऊक आहे, हात माझा तिथेच असेल.

ओस्मो शूः शूः करेल, त्याला ऐकू येत नाही तरी करेल. त्याचं मी बघते. आणि मी कुठे जाऊन बसेन अशी तुला काळजी असेल, तर ह्या घरात सोफा एकच आहे. तीन रांगा पुढे जायला जागा नाही.

इर्या